पाच टक्क्यांची तार

हॅम रेडिओचा परवाना हातात पडला की नवा हॅम आधी रिगच्या (रेडिओ संचाच्या) किमती पाहून हबकतो आणि मग अँटेनाचा हिशेब काढून सुखावतो. चाळीसेक मीटर तांब्याची तार, मधे एक आणि टोकांना दोन इन्सुलेटर, खाली शॅकपर्यंत (रेडिओच्या खोलीपर्यंत) कोॲक्स केबल, बांधायला नायलॉनची दोरी. एवढ्या सामानात 80 मीटर बँडचा डायपोल, म्हणजे दोन सारख्या भुजांचा अँटेना, उभा राहतो आणि चांगला चालतो. त्याची एक अट मात्र आहे. तो ज्या वारंवारतेसाठी कापला, तिच्या आसपासच तो खूश असतो.

डायपोलचं घराणं जुनं आहे. हाइन्रिश हर्ट्झने 1880च्या दशकाच्या अखेरीस कार्ल्सरूहे इथे रेडिओलहरी सिद्ध केल्या त्या मधे ठिणगीची फट असलेल्या अशाच दोन भुजांच्या साहाय्याने. आज ठिणगीच्या जागी कोॲक्स आली, बाकी मांडणी तीच. लांबीचं सूत्रही हॅममंडळींना तोंडपाठ असतं: 142.6 भागिले मेगाहर्ट्झमधली वारंवारता, उत्तर मीटरमध्ये. 7.1 मेगाहर्ट्झला सुमारे 20 मीटर, 3.6 मेगाहर्ट्झला 39.6 मीटर.

ही लांबी जमली की तार अनुनादात येते. मोकळ्या अवकाशात तिच्या मध्यावर सुमारे 73 ओहमचा निव्वळ रोध दिसतो, जमिनीजवळ तो बदलतो. 50 ओहमच्या कोॲक्सशी हे जमवून घेता येतं. वारंवारता हलली की रोधात फारसा फरक पडत नाही, पण त्याच्या जोडीला रिॲक्टन्स, म्हणजे वारंवारतेगणिक बदलणारा अडथळा, येऊन बसतो. 80 मीटरवर दोन मिलिमीटर जाडीच्या तारेत तो दर 100 किलोहर्ट्झला ढोबळमानाने 50 ओहमने वाढतो. म्हणजे अनुनादापासून 100 किलोहर्ट्झ सरकलात की एसडब्ल्यूआर, म्हणजे केबल आणि अँटेना यांच्यातला बेबनाव दाखवणारा आकडा, दोनच्या पुढे जाऊ लागतो. दोन्ही बाजू धरल्या तर हाती लागते ती मूळ वारंवारतेच्या पाचेक टक्के रुंदी.

पाच टक्के कमी वाटतात, पण बहुतेक बँडना ते पुरतात. भारतात 40 मीटरचा बँड 7.0 ते 7.2 मेगाहर्ट्झ, म्हणजे जेमतेम 2.8 टक्के. 20 मीटरचा 14.0 ते 14.35, अडीच टक्के. तिथे एकदा कापलेला डायपोल अख्खा बँड सांभाळतो. अडतं ते 80 मीटरवर. अमेरिकेत हा बँड 3.5 ते 4.0 मेगाहर्ट्झ, म्हणजे तब्बल 13 टक्के. आपल्याकडे 3.5 ते 3.7 एवढा सलग पट्टा आणि वर 3.890 ते 3.900 असं दहा किलोहर्ट्झचं एक बेट. सलग पट्टा साडेपाच टक्क्यांचा, तो कसाबसा आवाक्यात येतो. ते बेट मात्र तारेच्या हिशेबाने परगावच. त्यासाठी प्रत्येक भुजा दीड मीटर आखूड हवी.

गच्चीवर डायपोल लावताना हे सगळं डोळ्यांना दिसतं. तार मुद्दाम थोडी लांब ठेवतात, टोकं कापण्याऐवजी मागे दुमडून पीळ देतात आणि हातातल्या नॅनोव्हीएनए या मापकाच्या पडद्यावर एसडब्ल्यूआरची रेघ बघतात. रेघ खाली येते, तळ गाठते, पुन्हा वर चढते. तळ 3.45ला असेल तर तार लांब आहे. दोन्हीकडून सारखी दुमडायची, पुन्हा वर ओढायची, पुन्हा बघायची. तळ 3.6वर आला की 3.5 आणि 3.7 या दोन्ही कडांना रेघ दोनच्या थोडी वर असते आणि 3.895ला पाचच्याही पुढे पळालेली असते. पावसाळ्यात आवरणाची तार भिजली की हा तळ किंचित खाली सरकतो, म्हणून मे महिन्यात अगदी काठावर लावलेला डायपोल जुलैत कुरकुर करू लागतो.

जुन्या व्हॉल्व्हच्या सेटांना याचं एवढं सोयरसुतक नव्हतं. त्यांच्या आउटपुटला फिरवायचे कंडेन्सर असत. ते फिरवून सेट बराच बेबनाव पचवत असे. ट्रान्झिस्टरचे रिग मात्र 50 ओहमसाठीच बांधलेले असतात. एसडब्ल्यूआर दोनच्या पुढे गेला की ते स्वतःला वाचवण्यासाठी पॉवर आवरती घेतात. तार तीच राहिली, पण तिची मर्यादा आता मीटरवर ठळक दिसू लागली.

मग तार जाड करावी का? इथे गणित आडवं येतं. रुंदी जाडीच्या लॉगरिदमवर अवलंबून असते, त्यामुळे दोनऐवजी चार मिलिमीटरची तार घेतली तर फायदा जेमतेम सात-आठ टक्क्यांचा. खरा फरक पडायला जाडी शेकडो पटींनी वाढायला हवी. तेवढं तांबं कोण टांगणार? त्यावर जुना उपाय पिंजऱ्याचा: गोल कड्यांभोवती चार-सहा तारा समांतर ताणायच्या. अर्धा-पाऊण मीटर व्यासाचा पिंजरा रुंदी दुपटीच्या आसपास किंवा त्याहून पुढे नेतो आणि पॉवरही वाया घालवत नाही. पण तो वजनदार, वाऱ्याला अडणारा, आणि गच्चीवर दिसला की सोसायटीच्या सभेत विषय निघालाच म्हणून समजा. दुसरा मार्ग फॅन डायपोलचा: एकाच फीडपॉइंटला 39.6 आणि 36.6 मीटरचे दोन डायपोल, टोकं एकमेकांपासून दूर. आपल्याकडच्या त्या बेटाला हा उपाय सोयीचा, फक्त एकाची लांबी बदलली की दुसऱ्याचीही जुळणी बिघडते.

तिसरा मार्ग फसवा आहे. घंटेवर ओलं फडकं टाकलं की तिचा एकच सूर मरतो आणि ती सगळ्याच सुरांना सारखी बधिर होते. अँटेनात तोटा घातला की तसंच होतं. टी2एफडी नावाच्या प्रकारात तारेच्या मधे रेझिस्टर असतो. एसडब्ल्यूआरची रेघ कित्येक मेगाहर्ट्झ सपाट राहते, पण काही वारंवारतांना पॉवरचा मोठा वाटा त्या रेझिस्टरमध्ये गरम होऊन जातो. कोॲक्सपासून बनवलेल्या डबल बझूकाचाही बराच बोलबाला झाला. त्यातली रुंदी माफकच आणि तिचाही काही भाग केबलमधल्या तोट्यातून येतो. कोॲक्सचा हुशारीने वापर करून जुळणी रुंदावणाऱ्या रचना आहेत. फ्रँक विट यांनी 1980च्या दशकात अमेरिकेच्या क्यूएसटी मासिकात त्यांचा हिशेब मांडला. तिथेही रुंदीच्या बदल्यात थोडा तोटा पत्करावा लागतोच. नुसती लांब, स्वस्त कोॲक्ससुद्धा शॅकमधल्या मीटरला गोड आकडा दाखवते, कारण परत येणारी पॉवर वाटेतच जिरते.

उलट बाजूही बघायला हवी. 80 मीटरवर तीस मीटर साध्या कोॲक्सचा तोटा एक डेसिबेलच्या आत असतो. तिथे एसडब्ल्यूआर तीन झाला तरी जादा तोटा अर्ध्या डेसिबेलच्या आसपास, म्हणजे पुण्याहून नागपूरला बोलताना कानाला न कळणारा. रिगला जोडून जुळणी करून देणारा ट्यूनर ठेवला की पॉवर आवरती घेण्याचा प्रश्नही मिटतो. वरच्या बँडना केबलचा तोटा वाढत जातो, तिथे ही सूट मिळत नाही. म्हणून नव्या हॅमने आधी साधी तार लावावी, बोलण्याची नेहमीची वारंवारता धरून ती दुमडावी आणि कडांसाठी ट्यूनर घ्यावा. कोणी सपाट रेघेचा अँटेना विकायला आला, तर एसडब्ल्यूआरचा आकडा बाजूला ठेवून एवढंच विचारावं: दिलेल्या शंभर वॅटपैकी हवेत किती जातात?