स्पार्क प्लग व इग्निशन कॉइल बदलणे

पेट्रोल किंवा सीएनजीवर चालणाऱ्या मोटारगाडीच्या इंजिनात इंधन व हवेचे मिश्रण ठिणगीने पेटविणारा घटक म्हणजे स्पार्क प्लग. त्या ठिणगीसाठी लागणारा उच्च विद्युतदाब निर्माण करणारे वेटोळे म्हणजे इग्निशन कॉइल. हे दोन्ही घटक साध्या हत्यारांनी घरीही बदलता येतात. मात्र प्लग ज्या अॅल्युमिनियमच्या सिलिंडर हेडमध्ये बसतो, त्यातील आटे घाईत किंवा अतिरिक्त जोर लावल्याने बिघडले, तर होणारा खर्च प्लगच्या किमतीच्या कितीतरी पट असतो. डिझेल इंजिनात मिश्रण दाबाच्या उष्णतेने पेटत असल्यामुळे त्यात स्पार्क प्लग नसतो.

मराठी तांत्रिक लेखनात स्पार्क प्लगसाठी ‘ठिणगी गुडदी’ असा शब्द आढळतो. गुडदी म्हणजे बूच. प्लग सिलिंडरचे छिद्र बुचासारखेच बंद करतो, त्यामुळे हा शब्द चपखल आहे. तथापि गॅरेजमध्ये तो रुजला नाही आणि तेथे नुसते ‘प्लग’ असेच म्हटले जाते.

कार्य व पूर्वपीठिका

बॅटरीचा १२ व्होल्टचा दाब प्लगच्या दोन अग्रांमधील फट ओलांडण्यास अगदीच अपुरा असतो. कॉइलमध्ये जाड तारेचे प्राथमिक व बारीक तारेच्या हजारो वेढ्यांचे दुय्यम अशी दोन वेटोळी असतात. प्राथमिक वेटोळ्यातील प्रवाह एकाएकी तोडला की दुय्यम वेटोळ्यात सुमारे २०,००० ते ४०,००० व्होल्ट दाब निर्माण होतो आणि फटीत ठिणगी पडते. ही फट बहुतेक गाड्यांत ०.६ ते १.१ मिलिमीटर असते. अग्रे झिजून ती रुंदावली की ठिणगीसाठी अधिक दाब लागतो आणि त्याचा ताण कॉइलवर येतो. जुने प्लग वर्षानुवर्षे तसेच ठेवल्यास कॉइलही निकामी होण्याचा संभव असतो, तो यामुळे.

एत्येन लन्वार याने १८६०मध्ये आपल्या वायुइंजिनात विजेच्या ठिणगीचा वापर केला. पुढे १९०२मध्ये जर्मनीत रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यातील गॉटलोब होनोल्ड यांनी उच्चदाब मॅग्नेटो व त्याला जोडलेला प्लग विकसित केला. भारतात मुंबईच्या कुर्ल्यातील कारखान्यात तयार होणारी प्रीमियर पद्मिनी किंवा सुरुवातीच्या मारुती ८०० गाड्यांत एकच कॉइल असे व वितरक, म्हणजे डिस्ट्रिब्युटर, तिचा करंट तारांमधून प्रत्येक प्लगकडे पाठवी. त्या काळी प्लग काढून पॉलिश पेपरने घासणे हे गाडीमालकाचे नेहमीचेच काम होते. अलीकडील बहुतेक इंजिनांत, उदाहरणार्थ मारुती सुझुकीच्या के मालिकेत, प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल बसविलेली असते. पुढील वर्णन अशा रचनेचे आहे.

दोष ओळखणे

इंजिन ‘मिस’ मारणे, चढावर गाडी झटके देणे, सकाळी उशिरा सुरू होणे आणि इंधनाचा खप वाढणे ही प्लग किंवा कॉइल बिघडल्याची लक्षणे होत. पण तीच लक्षणे इंजेक्टर, व्हॉल्व्ह किंवा उंदरांनी कुरतडलेल्या वायरिंगमुळेही दिसतात. म्हणून प्रथम निदान करावे. निदान यंत्रावर पी०३०१ हा संकेत आल्यास पहिल्या सिलिंडरमध्ये मिश्रण पेटत नाही असा त्याचा अर्थ होतो. अशा वेळी पहिल्या व तिसऱ्या सिलिंडरच्या कॉइलची अदलाबदल करावी. संकेत पी०३०३ असा झाला, तर दोष कॉइलबरोबर सरकला, अर्थात कॉइलच बिघडलेली आहे. तो पहिल्यावरच राहिला, तर त्याच रीतीने प्लगची अदलाबदल करून पाहावी. या चाचणीला पैसे लागत नाहीत. चारही कॉइल सरसकट बदलण्याच्या प्रचलित सल्ल्यापेक्षा ती निश्चितच श्रेयस्कर आहे.

इंजिनचा इशारा दिवा लुकलुकत असेल तर मात्र गाडी चालवत राहू नये. न जळलेले पेट्रोल एक्झॉस्टमध्ये जाऊन उत्प्रेरक परिवर्तकात पेटते, तेथील तापमान बेसुमार वाढते आणि आतील चिनी मातीची जाळी वितळू शकते.

प्लग निवडताना गाडीच्या पुस्तिकेतील क्रमांकच प्रमाण मानावा. निकेलचे प्लग साधारण २० ते ४० हजार किलोमीटर टिकतात. इरिडियमचे एक लाखापर्यंत जाऊ शकतात. सीएनजी पेटविण्यास अधिक दाब लागतो, त्यामुळे अशा गाड्यांत प्लगची तपासणी लवकर करावी लागते. प्लगचा उष्णतांकही महत्त्वाचा असतो. एनजीके व डेन्सो यांच्या प्लगवर मोठा आकडा म्हणजे ‘थंड’ प्लग, तर बॉशच्या प्लगवर मोठा आकडा म्हणजे ‘गरम’ प्लग. केवळ आकडा पाहून एका कंपनीऐवजी दुसरीचा प्लग घेतल्यास फसगत होते.

काढणे

इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच काम सुरू करावे. गरम अॅल्युमिनियममधून प्लग ओढून काढताना आटे सोबत निघून येण्याची भीती असते. बॅटरीची ऋण तार सोडवावी. पेसमेकर बसविलेल्या व्यक्तीने हे काम स्वतः करू नये.

कॉइलच्या जोडणीची खिटी दाबून ती सोडवावी; जुने प्लॅस्टिक ठिसूळ झालेले असल्याने ते ओढू नये. कॉइलचा बोल्ट काढून ती थोडी डावीउजवीकडे फिरवून सरळ वर घ्यावी. यानंतर प्लगच्या खोबणीतील धूळ व वाळू हवेने उडवून लावावी. ही पायरी अनेकदा टाळली जाते, पण प्लग निघताच तो कचरा थेट सिलिंडरमध्ये पडतो. खोबणीत तेल आढळल्यास व्हॉल्व्ह कव्हरचे पॅकिंग गळत आहे असे समजावे; पाणी आढळल्यास, आणि पावसाळ्यात ते आढळतेच, कॉइलच्या रबराची तपासणी करावी. आत रबर किंवा चुंबक असलेला प्लग पाना वापरावा. प्लग घट्ट असल्यास आट्यांवर भेदक तेल सोडून काही वेळ थांबावे आणि थोडे सैल, पुन्हा थोडे घट्ट अशा रीतीने तो हळूहळू काढावा.

काढलेले प्लग सिलिंडरच्या क्रमाने मांडून ठेवावेत, कारण प्रत्येक प्लग आपल्या सिलिंडरचे वर्तमान सांगतो. फिकट तपकिरी किंवा राखाडी रंग निरोगी इंजिनाचा असतो. कोरडी काळी काजळी इंधन जास्त जात असल्याचे, ओलसर तेलकट थर इंजिन ऑइल वर येत असल्याचे, तर पांढरे फोड आलेले अग्र अतितप्ततेचे लक्षण असते. पांढऱ्या चिनी मातीवर धातूच्या लगत दिसणारा तपकिरी पट्टा पाहून वायू गळत असल्याचा समज होतो; तो बहुधा उच्च दाबामुळे तेलाचे कण चिकटून पडलेला निरुपद्रवी डाग असतो. त्याऐवजी उभी बारीक काळी रेघ दिसली, तर ठिणगी बाहेरून पळत आहे असे समजून कॉइलचे रबरही बदलावे.

बसविणे

नव्या प्लगची फट फीलर गेजने तपासावी. इरिडियम प्लगचे मधले अग्र सुईसारखे बारीक असते. त्यावर दाब देऊन फट बदलण्याचा प्रयत्न करू नये.

आटे बिघडतात ते प्रामुख्याने याच टप्प्यावर. प्लग पान्याने नव्हे, तर हाताने फिरवून आत न्यावा. खोबणी खोल असल्यास प्लगच्या वरच्या टोकाला रबरी नळीचा तुकडा लावून फिरवावे; आटा तिरका लागला तर नळी घसरते आणि नुकसान टळते. सुरुवातीला किंचित उलट फिरवल्यास आटा जागेवर बसल्याचे बोटांना जाणवते. अखेरचा जोर टॉर्क पान्याने, पुस्तिकेतील आकड्याइतकाच द्यावा. वॉशर असलेल्या १४ मिलिमीटरच्या प्लगसाठी तो साधारण २५ ते ३० न्यूटन-मीटर, तर १२ मिलिमीटरसाठी १५ ते २० न्यूटन-मीटर असतो. टॉर्क पाना नसल्यास वॉशरचा नवा प्लग हाताने बसल्यावर अर्धा ते दोन तृतीयांश फेरा फिरवावा. शंकूच्या आकाराच्या बैठकीचा प्लग मात्र सुमारे एक सोळांश फेऱ्यातच घट्ट होतो. मुलामा दिलेल्या प्लगच्या आट्यांना ग्रीस लावू नये. घर्षण कमी होऊन त्याच टॉर्कला प्लग गरजेपेक्षा अधिक आवळला जातो.

आटे गेलेच, तर हेडमध्ये नवे आटे पाडून धातूची बाही बसवावी लागते. धातूचा कीस सिलिंडरमध्ये पडू न देता ते करणे हे कसबी फिटरचे काम आहे.

कॉइल बसविताना ती प्लगवर पूर्ण दाबली गेल्याची खात्री करून बोल्ट हलकेच आवळावा. बॅटरी जोडून इंजिन सुरू केल्यावर काही मिनिटे त्याचा आवाज ऐकावा, जुना संकेत पुसून टाकावा आणि चढाच्या रस्त्यावर गाडी चालवून पाहावी. संकेत त्याच सिलिंडरवर पुन्हा उमटला, तर दोष प्रज्वलन यंत्रणेबाहेर असण्याची शक्यता अधिक. इंजेक्टर व सिलिंडरमधील दाब यांची तपासणी करून घ्यावी.