गवा आणि मगर

“गवा बलवान कीं मगर?” असा प्रश्न मुलें विचारतात आणि वडीलमंडळी निरुत्तर होतात. आमच्या बुलढाणा जिल्ह्यांतील मुलांस तो परका नाहीं. संग्रामपूर तालुक्यांतील अंबाबरवा अभयारण्य ज्या मेळघाट व्याघ्रप्रकल्पास जोडलेलें आहे, तेथील रानांत गवे पूर्वापार आहेत. आणि गाडगा नदीच्या सिद्धूकुंडांत १९९०-९१ सालीं मगरी पुन्हा सोडण्यांत आल्या.

थोराड गवा हजार किलोपर्यंत भरतो. मगर क्वचितच त्याच्या निम्मी. परंतु केवळ वजनावरून निवाडा होत नाहीं. गव्याचें रक्त उष्ण. ती ऊब राखण्यासाठीं त्यास रोज पोटभर चरावें लागतें. मगर उन्हाच्या उबेवर जगते, म्हणून एका भक्ष्यावर आठवडेच्या आठवडे काढूं शकते. काठावर गव्याची सरशी, खोल डोहांत मगरीची.

मात्र वैशाखांत डोह आटला, म्हणजे गवा पाण्यासाठीं रानोरान भटकतो आणि मगर बिळांत निपचित पडून पावसाची वाट पाहते. तेव्हां दोघांचेंहि बळ पाण्यावांचून व्यर्थ आहे, आणि तें पाणी राखणें आपल्याच हातीं आहे, एवढें उत्तर वाचकांनीं मुलांस अवश्य द्यावें, अशी आमची विनंति आहे.