झेप सोलर: एका खाचेवर उभी राहिलेली कंपनी संपली कशी?

सोलरचा विषय निघाला की आपण सगळे पॅनलबद्दल बोलतो. किती वॅटचं आहे, कुठल्या कंपनीचं आहे, वॉरंटी किती. पण हे पॅनल ज्याच्यावर बसवतात तो सांगाडा, म्हणजे इन्स्टॉलरच्या भाषेत ‘स्ट्रक्चर’, त्याच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही.

कॅलिफोर्नियातल्या एका छोट्या कंपनीने नेमकं याच भागाकडे बघितलं. २००९ मध्ये ती सुरू झाली, चारच वर्षांत १५.८ कोटी डॉलरला विकली गेली आणि आज बाजारात तिचं नावही उरलेलं नाही. कंपनीचं नाव झेप सोलर. नाव इंग्रजी आहे, पण मराठीत वाचलं तर तिचं अर्धं चरित्र त्यातच आलं.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. नट-बोल्ट बनवणाऱ्या कंपनीबद्दल मी का लिहितोय? कारण झेपचं जे झालं ते आपल्या फोनमधल्या अॅप्सचंही होतं. फरक एवढाच की अॅप बंद पडलं तर आपण दुसरं डाउनलोड करतो. छतावरची पॅनल्स तशी बदलता येत नाहीत.

आधी बेसिक: पॅनल छतावर बसतं कसं?

अमेरिकेतली बहुतेक घरं उतरत्या छपराची. आत लाकडी वासे, वर डांबरी शिंगल्स. अशा छपरावर पॅनल बसवायचं तर आधी खालचा वासा नेमका कुठे आहे ते शोधायचं, तिथे भोक पाडून पाय बसवायचे, पाणी गळू नये म्हणून बंदोबस्त करायचा. मग त्या पायांवर लांबलचक अॅल्युमिनियमच्या पट्ट्या बसवायच्या. यांना रेल म्हणतात. पॅनल्सची प्रत्येक रांग दोन रेल्सवर ठेवायची आणि क्लॅम्पने आवळायची.

यात अर्थिंगची आणखी एक कटकट. पॅनलची फ्रेम अॅल्युमिनियमची असते, पण तिच्यावर अॅनोडायझिंगचा पातळ थर असतो आणि त्यातून वीज वाहत नाही. म्हणजे फ्रेम नुसती रेलला टेकली म्हणून अर्थिंग झालं असं होत नाही. त्यामुळे पूर्वी प्रत्येक पॅनलला वेगळा स्क्रू लावून त्यातून तांब्याची तार फिरवावी लागायची. उन्हात, उतरत्या छपरावर, कमरेला दोर बांधून हे सगळं करायचं.

पॅनल स्वस्त झालं, पण बिल का कमी होईना?

२००८ च्या आसपास पॅनलचा भाव वॅटमागे साधारण ४ डॉलर होता. २०१२ पर्यंत तो १ डॉलरच्या खाली आला. चीनमध्ये मोठे कारखाने उभे राहिले, पॉलिसिलिकॉन स्वस्त झालं, आणि भाव धडाधड कोसळले.

पण घरमालकाचं एकूण बिल तेवढं उतरलं नाही. कारण त्यात फक्त पॅनल नव्हतं. मजुरी, परवानग्या, डिझाइन, गिऱ्हाईक शोधायचा खर्च, असं सगळं होतं. याला तिकडे ‘सॉफ्ट कॉस्ट’ म्हणतात. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने २०११ मध्ये सोलर स्वस्त करण्यासाठी ‘सनशॉट’ नावाचा कार्यक्रम सुरू केला, त्यातही या खर्चावर बराच भर होता. जर्मनीत तशीच सिस्टिम अमेरिकेपेक्षा कितीतरी कमी पैशांत बसत होती, पॅनल्स जवळपास तीच असूनसुद्धा.

थोडक्यात, छतावर घालवलेला प्रत्येक तास आता महाग वाटायला लागला. झेपने तोच तास पकडला.

झेपची आयडिया: रेलच काढून टाका

झेपच्या टीमने साधा प्रश्न विचारला. पॅनलला स्वतःची मजबूत फ्रेम आहेच, मग तिच्याखाली पुन्हा रेल कशाला? फ्रेमलाच सांगाडा बनवता येणार नाही का?

त्यासाठी त्यांनी फ्रेमच्या बाहेरच्या अंगाला चारही बाजूंनी एक खास आकाराची खाच दिली. छपरावर बसवलेला पाय या खाचेत अडकतो. शेजारचं पॅनल जोडायला एक छोटा जोड, ‘इंटरलॉक’. तो दोन पॅनल्सच्या खाचांमध्ये घालायचा आणि चपट्या पान्याने फिरवायचा. फिरवताना तो अॅनोडायझिंगचा थर फोडून आतल्या धातूत रुततो, म्हणजे जोडणी आणि अर्थिंग एकाच हालचालीत झालं. रेल नाही, प्रत्येक पॅनलला तांब्याची तार नाही.

याचा परिणाम तिहेरी होता. ट्रकमध्ये लांब रेल्स न्याव्या लागत नव्हत्या. सुट्ट्या भागांची संख्या कमी झाली. आणि काम बऱ्यापैकी लवकर उरकायला लागलं, म्हणजे तीच टीम जास्त घरं करू शकत होती. वर पॅनल्स छपराला चिकटून, खाली काही लोंबत नसलेली, दिसायलाही छान.

खरी हुशारी धातूत नव्हती, करारात होती

आता इथे सॉफ्टवेअरवाल्यांचे कान टवकारतात. खाच तर पॅनलच्या फ्रेमला हवी, आणि झेप पॅनल बनवत नव्हती. मग काय करायचं?

त्यांनी खाचेचं डिझाइन पॅनल कंपन्यांना लायसन्सवर दिलं. कॅनेडियन सोलर, ट्रिना, यिंगली अशा मोठ्या कंपन्यांनी ‘झेप कंपॅटिबल’ पॅनल्स काढली. पॅनल कुणाचंही असो, खाच झेपची आणि तिच्यात बसणारे जोडही झेपचे. फोनवर विचार करा. फोन कुठल्याही कंपनीचा असो, चार्जिंगचा पोर्ट आपण डिझाइन केलेला आणि केबल फक्त आपण विकणार! जितकी पॅनल्स जास्त तितके इन्स्टॉलर जास्त, आणि जितके इन्स्टॉलर जास्त तितक्या पॅनल कंपन्या रांगेत.

वाट मोकळी नव्हती. कॅलिफोर्नियातल्याच अकीना सोलर या कंपनीने, जी पुढे वेस्टिंगहाउस सोलर झाली, स्ट्रक्चर फ्रेममध्येच असलेलं ‘अँडले’ नावाचं पॅनल आधी काढलं होतं. त्यांनी झेपवर पेटंटचा खटला भरला. तरीही झेपची वाढ थांबली नाही. इन्स्टॉलर मंडळींना वेळ वाचवणारं काहीतरी हवंच होतं.

गिऱ्हाइकानेच दुकान विकत घेतलं

झेपच्या मोठ्या गिऱ्हाइकांपैकी एक होती सोलरसिटी. लिंडन आणि पीटर राइव्ह या भावांनी २००६ मध्ये सुरू केलेली ही कंपनी. त्यांचा मावसभाऊ इलॉन मस्क तिचा चेअरमन होता. अमेरिकेत घरोघरी सोलर बसवण्यात तेव्हा ती सगळ्यांच्या पुढे होती.

ऑक्टोबर २०१३ मध्ये सोलरसिटीने जाहीर केलं की ती झेप विकत घेतेय. किंमत १५.८ कोटी डॉलर, तीही शेअर्सच्या रूपात. वर्षाखेर व्यवहार पूर्ण झाला. सोलरसिटीच्या बाजूने बघितलं तर हिशोब बरोबर होता. ज्याच्यामुळे आपलं काम भरभर होतं ते तंत्रज्ञान घरातच आलं.

आता दुसऱ्या बाजूने बघा. समजा तुम्ही सोलरसिटीशी स्पर्धा करणारे इन्स्टॉलर आहात. कालपर्यंत तुम्ही झेपकडून माल घेत होता. आज तोच माल तुमच्या सगळ्यात मोठ्या प्रतिस्पर्ध्याच्या घरून येतोय. प्रत्येक ऑर्डरसोबत त्याच्या खिशात पैसे जाणार, आणि तुम्ही किती घरं करताय हेही त्याला कळणार. तुम्ही काय कराल? दुसरा पर्याय शोधाल.

बाजारानेही तेच केलं. फेब्रुवारी २०१४ मध्ये सनरन या स्पर्धक कंपनीने आरईसी सोलरचा घरगुती विभाग घेतला, आणि त्यासोबत स्नॅपएनरॅक हा माउंटिंगचा ब्रँडही पदरात पाडून घेतला. प्रत्येक मोठ्या खेळाडूला आता आपापलं स्ट्रक्चर हवं होतं.

झेपचं बळ हेच होतं की ती कुणाचीच नव्हती, म्हणून सगळ्यांची होती. विकली गेली त्या दिवशी ते बळ गेलं. कागदावर तो कंपनीचा सर्वोच्च क्षण होता, पण माझ्या मते उतार तिथूनच सुरू झाला.

मग एकाच टोपलीतली अंडी

पुढची दोन वर्षं हे कुणाला जाणवलं नाही, कारण सोलरसिटी स्वतःच सुसाट होती. २०१५ या एका वर्षात तिने ८७० मेगावॅट सोलर बसवलं. पण ही वाढ कर्जावर होती. ग्राहकाकडून आधी पैसे न घेता पॅनल बसवायचं आणि पुढची वीस वर्षं हप्त्याने वसूल करायचं, म्हणजे आज खर्च करायला सतत पैसा लागणार.

नोव्हेंबर २०१६ मध्ये टेस्लाने सोलरसिटीला सुमारे २६० कोटी डॉलरमध्ये विकत घेतलं. झेप आता विकत घेतलेल्या कंपनीने विकत घेतलेली कंपनी झाली. टेस्लाचं लक्ष गाड्यांकडे, बॅटरीकडे आणि ‘सोलर रूफ’ या कौलांसारख्या दिसणाऱ्या नव्या उत्पादनाकडे. दारोदार जाऊन सोलर विकणं बंद झालं, २०१८ मध्ये होम डेपोच्या दुकानांतली विक्रीही गुंडाळली. २०१९ मध्ये टेस्लाने वर्षभरात बसवलेलं सोलर होतं १७३ मेगावॅट. म्हणजे २०१५ च्या साधारण एक पंचमांश.

बाहेरची गिऱ्हाइकं आधीच गेली होती, आता घरचंही आटलं. झेप हे नाव टेस्लाच्या आत विरून गेलं.

दरम्यान बाकीचं जगही थांबलं नव्हतं. साध्या फ्रेमवर चालणारे क्लॅम्पच आता दात असलेले येऊ लागले, जे आवळताना अर्थिंगही करतात. त्यासाठी यूएल २७०३ असं प्रमाणही आहे. कुठल्याही कंपनीच्या साध्या पॅनलवर ही सोय मिळत असेल, तर खास खाचेचं पॅनल कोण शोधत बसेल?

फटका कुणाला बसतो?

संस्थापकांना शेअर्स मिळाले, इंजिनिअर्सना दुसरीकडे नोकऱ्या मिळतात. खाच मात्र लोकांच्या छपरावर राहिली.

सोलर पॅनल २५ वर्षं टिकेल या हिशोबाने विकलं जातं. झेप स्वतंत्र कंपनी म्हणून पाचेक वर्षंही जगली नाही. आता २०१२ साली बसवलेल्या एखाद्या पॅनलची काच झाडाची फांदी पडून फुटली तर? शेजारच्या पॅनलला ते खाचेने जोडलेलं आहे. बाजारात मिळणाऱ्या साध्या फ्रेमला ती खाच नाही, त्यामुळे ती तिथे नीट बसत नाही. वर नवी पॅनल्स आकारानेही मोठी झाली आहेत. मग जुना साठा शोधा, नाहीतर जुगाड करा, नाहीतर त्या भागाचं स्ट्रक्चरच बदला.

सॉफ्टवेअरमध्ये आम्ही हे वारंवार बघतो. डार्क स्काय हे हवामानाचं अॅप आठवतं? अॅपलने ते मार्च २०२० मध्ये घेतलं. त्याच वर्षी अँड्रॉइड अॅप बंद झालं, आणि ३१ मार्च २०२३ ला त्याची एपीआय सेवाही. तिच्यावर उभ्या असलेल्या इतर अॅप्सना दुसरीकडून डेटा घ्यावा लागला. पण तिथे कोड बदलून भागलं. छपरावर चढून कोड बदलता येत नाही.

आपल्या गच्चीसाठी यातून काय घ्यायचं?

आपल्याकडे फेब्रुवारी २०२४ पासून पीएम सूर्यघर योजना आहे. ३ किलोवॅट किंवा त्याहून मोठ्या घरगुती सिस्टिमला ७८,००० रुपयांपर्यंत सबसिडी मिळते, त्यामुळे बऱ्याच घरांत ‘सोलर बसवायचं का?’ ही चर्चा चालू आहे. आपली गच्ची बहुधा सपाट स्लॅबची, स्ट्रक्चर लोखंडी, उंच उभं केलेलं. तिथे झेपचं तंत्र येत नाही, पण झेपची अडचण येऊ शकते. घरात कोटेशन तुम्हीच वाचणार असाल तर पॅनलच्या वॅटशिवाय हेही विचारा:

१. पॅनलची फ्रेम आणि क्लॅम्प साधे, बाजारात सहज मिळणारे आहेत का? दहा वर्षांनी दुसऱ्या कंपनीचं पॅनल या स्ट्रक्चरवर बसेल का?

२. स्ट्रक्चरची वॉरंटी वेगळी लिहून दिली आहे का? ‘२५ वर्षं’ ही बहुतेक वेळा फक्त पॅनलची असते.

३. अर्थिंग कसं केलंय? प्रत्येक फ्रेम जोडलेली आहे हे दाखवायला सांगा.

४. इन्व्हर्टरचं अॅप बंद झालं तरी वीज किती बनतेय हे इन्व्हर्टरवर किंवा मीटरवर दिसेल का?

५. कामाचे फोटो, ड्रॉइंग आणि प्रत्येक भागाचा मॉडेल नंबर तुमच्याकडे ठेवा. इन्स्टॉलर उद्या धंदा बंद करू शकतो, तेव्हा नव्या माणसाला दाखवायला हेच कागद लागतील.

झेपचं डिझाइन चांगलं होतं, आजही बघितलं की दाद द्यावीशी वाटते. पण चांगलं डिझाइन आणि २५ वर्षं मिळत राहणारा सुटा भाग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कोटेशनवर सही करण्याआधी दुसरीचीही चौकशी करा.