बाटलीतले लोह आणि भाकरीतले लोह



पिकावर फवारायच्या नॅनो युरियाची अर्ध्या लिटरची बाटली २०२१ साली आली आणि ‘नॅनो’ हा शब्द आपल्या शिवारात रुळला. आता तोच शब्द माणसांनी घ्यायच्या बाटल्यांवरही दिसू लागला आहे. कळमनुरी तालुक्यातल्या एका गावी शेतीशाळेला गेलो होतो. कार्यक्रम आटोपल्यावर एका आजींनी पदराआडून एक इवलीशी बाटली काढली.

“सायेब, सुनंला रगत कमी हाय म्हनून बाजारातून आनली. नॅनो लोह हाय म्हनं. चार थेंब पान्यात घेतले की थेट रगतात उतरतं. दवाखान्यातल्या लाल गोळ्यानं तिला मळमळतंय, त्या बंद केल्या. बरं केलं न्हवं?”

सून सहा महिन्यांची गरोदर होती. मी शेतीचा पदवीधर, डॉक्टर नव्हे. तेव्हा आजींना एवढेच सांगितले की गोळ्या बंद करू नका, उद्याच आशाताईंना घेऊन आरोग्य केंद्रात जा. पण त्यांचा प्रश्न काही डोक्यातून गेला नाही. थेंब खरेच थेट रक्तात उतरतात काय? आणि उतरले तर ते चांगले की वाईट? त्याचीच ही हकिकत.

आधी हा नॅनो म्हणजे काय ते पाहू. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले की त्यातला एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. आपल्या डोक्याचा केस साधारण ऐंशी हजार ते एक लाख नॅनोमीटर जाड असतो. एक ते शंभर नॅनोमीटरच्या आतला कण असेल तर त्याला नॅनोकण म्हणतात. बारीक केल्याने काय फरक पडतो, हे वसमतच्या हळदवाल्यांना सांगायला नको. अख्खे हळकुंड वरणात टाकले तर वरण पांढरेच राहील, तेच कुटून चिमूटभर टाकले की क्षणात पिवळे होते. माल तोच, पण बाहेरून उघडा पडलेला भाग वाढला.

लोहाचेही तसेच आहे. लोखंडाची जाड पूड पोटातल्या आम्लात पुरती विरघळत नाही, न विरघळलेली तशीच शौचावाटे निघून जाते. बारीक केली की जास्त विरघळते. स्वित्झर्लंडमधल्या झुरिचच्या शास्त्रज्ञांनी लोह फॉस्फेटचे नॅनोकण उंदरांना खाऊ घातले आणि ते आपल्या नेहमीच्या गोळीतल्या लोहाइतकेच अंगी लागतात, असे दाखवले. त्यांची कळकळ वेगळी होती. गोळीतले लोह पिठात किंवा दुधात मिसळले तर रंग आणि चव बिघडते, जाड पूड मिसळली तर चव राहते पण अंगी लागत नाही. नॅनोकणांनी दोन्ही साधेल, असा तो प्रयत्न होता. आफ्रिकेतल्या गांबिया देशातही अशाच अतिसूक्ष्म लोहाची लहान मुलांवर चाचणी झाली आणि रक्त वाढवण्यात ते जुन्या लोहापेक्षा कमी पडले नाही. म्हणजे हे सगळे थोतांड आहे असे मी म्हणणार नाही.

परंतु नीट ध्यानात घ्या. “कमी पडले नाही” आणि “दहापट भारी आहे” यांत फार अंतर आहे. दवाखान्यातली लाल गोळी पोटात गेल्यावर विरघळतेच, आणि विरघळलेले लोह कोणत्याही नॅनोकणापेक्षा बारीक असते. आधीच विरघळणाऱ्या वस्तूला आणखी किती बारीक करणार? शिवाय मात्रेचा हिशेब आहेच. लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असते. आजींच्या बाटलीवर एका थेंबात किती लोह हे कुठेच छापलेले नव्हते. वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला तर चार थेंब म्हणजे मिलिलिटरचा पाचवा हिस्सा. त्यात ६० मिलिग्रॅम लोह बसवायचे तर बाटलीतले औषध पाकासारखे दाट लागेल. ते तर पाण्यासारखे पातळ होते.

आता “थेट रक्तात” या बोलण्याकडे येऊ. आपल्या आतड्याला दार आहे आणि त्या दारावर राखणदार आहे. अंगात लोहाचा साठा पुरेसा झाला की यकृत हेप्सिडिन नावाचा पदार्थ सोडते आणि दार लोटले जाते. कारण जादा लोह बाहेर टाकायला शरीराजवळ खास वाट नाही, ते यकृतात आणि हृदयात साठून अपाय करते. विरघळणारा कण या दारातूनच आत येतो, म्हणून त्याची भीती कमी. न विरघळणारा कण मात्र आतड्यातल्या काही पेशींवाटे आडमार्गाने आत शिरू शकतो आणि यकृतात, प्लीहेत जाऊन बसू शकतो. तेव्हा राखणदाराला चुकवून आत जाणे ही बढाई मारण्याजोगी गोष्ट नाही.

खनिज कोणते यावरही बरेच अवलंबून आहे. जस्ताची भस्मासारखी पांढरी पूड, चुनखडीतला कॅल्शियम हे आम्लात विरघळतात. चांदीचे तसे नाही. चांदीचे कण घातलेले पाणी शक्तिवर्धक म्हणून विकले जाते, ते दीर्घकाळ पिणाऱ्याची कातडी निळसर-राखाडी पडते आणि तो रंग जात नाही. अमेरिकेच्या औषध खात्याने १९९९ सालीच अशा औषधांना सुरक्षित व गुणकारी मानण्यास नकार दिला. मिठाई-गोळ्यांना पांढरेपणा देणारा टायटॅनियम डायऑक्साइड युरोपीय संघाने २०२२ साली खाद्यपदार्थांतून बंद केला. त्यात नॅनोकणही असतात आणि त्याने पेशींतल्या वंशद्रव्याला धोका होणारच नाही अशी खात्री तिथल्या तज्ज्ञांना देता आली नाही.

कुणी म्हणेल, आपल्या वैद्यांची भस्मे काय वेगळी आहेत? प्रश्न रास्त आहे. भस्म बोटांच्या रेषांत शिरले पाहिजे, पाण्यावर तरंगले पाहिजे, या परीक्षा जुन्या रसशास्त्रात सांगितल्याच आहेत. म्हणजे बारीकपणाचे महत्त्व आपल्याकडे फार पूर्वी ओळखले होते. सुवर्णभस्मातले कण आजच्या यंत्राखाली पाहिले तेव्हा ते साधारण पन्नास-साठ नॅनोमीटरचे भरले. पण याच शास्त्रात शोधन, मारण, पुटे आणि रोग्याची प्रकृती पाहून गुंजेच्या हिशेबाने मात्रा, एवढे सगळे येते. बाजारात उभ्या उभ्या घेतलेल्या पुडीला ते लागू नाही. अमेरिकेत बोस्टनच्या दुकानांतून घेतलेली ७० आयुर्वेदिक औषधे २००४ साली तपासली, तेव्हा १४ मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक निघाले. चांगल्या वैद्याच्या देखरेखीशिवाय गरोदर बाईने कोणतेही भस्म घेऊ नये, हे माझे स्पष्ट मत आहे.

रक्त कमी असणे ही मात्र खोटी तक्रार नव्हे. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायांपैकी शेकडा ५४ जणींना रक्तक्षय आढळला. बाईला रोज २९ मिलिग्रॅम लोह अन्नातून लागते, आणि आपल्या धान्याच्या जेवणातून शंभरात आठ भागच अंगी लागतात, असे धरले जाते.

इथे आपल्या परभणीच्या विद्यापीठाचे काम सांगावेसे वाटते. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने हैदराबादजवळच्या इक्रिसॅट संस्थेबरोबर ‘परभणी शक्ती’ हा ज्वारीचा वाण काढला, तो २०१८ साली प्रसारित झाला. त्याच्या एका किलोत सुमारे ४५ मिलिग्रॅम लोह आणि ३२ मिलिग्रॅम जस्त असते. इतर ज्वारीत लोह ३० आणि जस्त २० च्या आसपास. दिवसाकाठी तीनशे ग्रॅम पिठाच्या भाकरी खाल्ल्या तर साध्या ज्वारीतून ९ आणि या ज्वारीतून साडेतेरा मिलिग्रॅम लोह मिळते. इथे यंत्राने काही बारीक केलेले नाही. ज्वारीच्या मुळांनी जमिनीतून उचलून दाण्यात भरले आहे, आणि ते आतड्याच्या राजरोस दारातून आत जाते. बियाण्याची चौकशी विद्यापीठात किंवा तोंडापूरच्या कृषी विज्ञान केंद्रात करावी.

भाकरीबरोबर लिंबाची फोड, नाहीतर आवळा घ्या, लोह जास्त शोषले जाते. मटकी भिजवून मोड आणली किंवा ज्वारीची आंबील केली की लोह धरून ठेवणारा फायटेट कमी होतो. जेवल्याबरोबर चहा पिण्याची आपली खोड मात्र वाईट. चहा दीड-दोन तासांनी घ्या. कालवण लोखंडी कढईत करा.

लाल गोळीने मळमळत असेल तर ती रात्री जेवणानंतर घेऊन पाहावी, कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेऊ नये. शौचाला काळे होते, त्याने घाबरू नये. घरात थॅलेसेमिया किंवा सिकलसेलचा रोगी असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्याला लोहाचा थेंबही देऊ नका. आणि गोळ्या कोनाड्यात खाली ठेवू नका. दहा किलो वजनाच्या पोराने गोड समजून दहा लाल गोळ्या गिळल्या तर त्याच्या जिवावर बेतते. असे झाले तर घरगुती उपाय करीत न बसता, गोळ्यांचे पाकीट बरोबर घेऊन तडक दवाखाना गाठा.

एवढे करूनही कुणी नॅनोची बाटली दाखवलीच, तर तिच्यावर अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा चौदा आकडी परवाना आहे का, औषध असेल तर औषध परवाना क्रमांक आहे का, आणि एका मात्रेत किती मिलिग्रॅम काय आहे, हे घरातल्या शाळकरी मुलाकडून मोठ्याने वाचून घ्या. आजींच्या नातवाने त्या दिवशी बाटली वाचली. तिच्यावर कंपनीचा पत्ताही नव्हता.