दूषणाचा खर्च कोणी सोसावा?

बंगळूर शहराच्या पूर्व भागातील इंदिरानगर व आसपासच्या वस्त्यांचे सांडपाणी उताराने कोरमंगल-चल्लघट्ट खोऱ्यात जाते व तेथून बेळ्ळंदूर तलावास मिळते. घरांतील मैलापाण्याबरोबर कारखान्यांचे पाणीही वर्षानुवर्षे ह्याच वाटेने वाहत आले. तलावावर फेसाचे ढीग साचू लागले. फेब्रुवारी २०१७ मध्ये व पुन्हा जानेवारी २०१८ मध्ये तर तेथे आग लागली. असा जलाशय शुद्ध करावयाचा, तर त्याचा खर्च कोणी सोसावा?

कारखानदार कच्चा माल, वीज व मजुरी ह्यांचे मोल देतो आणि ते मालाच्या किमतीत धरतो. विषारी गाळ ओढ्यात सोडला, की त्याच्या विल्हेवाटीचा खर्च मात्र हिशेबाच्या वहीत येत नाही. म्हणून तो नाहीसा होतो असे नव्हे. तो शेजारच्या शेतकऱ्यावर, रोग्यावर आणि अखेरीस करदात्यावर पडतो. हा खर्च ज्याचा त्याच्याकडे परत नेणे, हेच ‘प्रदूषकाने मोल द्यावे’ ह्या तत्त्वाचे सार होय. रिओ येथील १९९२ च्या जागतिक परिषदेने त्यास मान्यता दिली.

हे तत्त्व व्यवहारात कसे उतरते, ते राजस्थानातील उदयपूरजवळच्या बिछडी गावाच्या उदाहरणावरून कळून येते. तेथे १९८८ साली रंगनिर्मितीस लागणारे ‘एच-आम्ल’ तयार होऊ लागले. सुमारे ३७५ टन माल निघाला, परंतु त्याबरोबर सुमारे २,४०० टन विषारी गाळ मागे राहिला. तो उघड्यावर टाकण्यात आला. त्यातील विष पावसाच्या पाण्याबरोबर जमिनीत झिरपले, विहिरींचे पाणी गडद रंगाचे झाले आणि ते पिण्यास वा शेतीस योग्य राहिले नाही.

१९८९ साली हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे गेले. नुकसानीचे मोजमाप नागपूर येथील राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने केले. १९५८ साली स्थापन झालेल्या ह्या संस्थेने माती व भूजल तपासून सुमारे ३५० हेक्टर जमीन दूषित झाल्याचे दाखविले. फेब्रुवारी १९९६ मध्ये न्यायालयाने निर्णय दिला, की धोकादायक उद्योग चालविणाऱ्याने काळजी घेतली होती वा नाही हा प्रश्न गौण आहे. हानी झाली, की ती भरून देणे त्याच्यावर बंधनकारक आहे. शुद्धीकरणाचा खर्च सुमारे ३७ कोटी ३८ लाख रुपये ठरला.

तथापि कारखानदारांनी अर्जांमागून अर्ज करून भरणा लांबविला. अखेर जुलै २०११ मध्ये न्यायालयाने नोव्हेंबर १९९७ पासून १२ टक्के चक्रवाढ व्याजासह ती रक्कम भरण्याचा आदेश दिला. ह्या दराने रक्कम सुमारे सहा वर्षांत दुप्पट होते. दिरंगाई फायद्याची ठरू नये, हाच त्यामागील हेतू होता. परंतु व्याज वाढत असताना विषही जमिनीत पसरत राहते, आणि गेलेली वर्षे गावास परत मिळत नाहीत.

बेळ्ळंदूरचा प्रश्न ह्याहून बिकट आहे. बिछडीस दोषी कारखाने बोटाने दाखविता आले; येथे असंख्य घरांचे व कारखान्यांचे पाणी एकत्र मिसळते. एप्रिल २०१७ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने तलावाभोवतीचे कारखाने बंद करण्यास सांगितले. डिसेंबर २०१८ मध्ये त्याने कर्नाटक शासनास कामासाठी ५०० कोटी रुपये स्वतंत्र खात्यात ठेवण्याचा आदेश दिला. पुढील वर्षी सर्वोच्च न्यायालयाने त्यास स्थगिती दिली. शासनाचा पैसा म्हणजे अखेर जनतेचाच पैसा होय.

यास्तव दोन गोष्टी अगोदरच व्हावयास हव्यात. प्रत्येक कारखान्याच्या पाण्याची तपासणी ते नाल्यात मिसळण्यापूर्वी, त्याच्या दाराशीच झाली पाहिजे. एकदा मिसळल्यावर कोणाचा वाटा किती हे सांगणे दुष्कर होते. आणि धोकादायक माल करण्याची परवानगी देतानाच शुद्धीकरणापुरती अनामत घेतली पाहिजे. कारखाना बुडाल्यावर वसूल करावयास बहुधा काहीच शिल्लक राहत नाही. विषारी गाळ मात्र शिल्लक राहतो.