गावाला पूर आला, मुंबईहून काय धाडावे?

डिलाईल रोडच्या चाळींत राहणारी माणसे मूळची कुठली? बरीचशी कोकणातली, बरीचशी घाटावरची. गिरण्यांत काम मिळाले म्हणून त्यांचे आजे-पणजे इथे आले. पुढे रस्त्याचे नाव ना. म. जोशी मार्ग झाले, नंतर गिरण्याही बंद पडल्या. पण गाव काही सुटले नाही. गावकऱ्यांची मंडळे अजून आहेत. गावाला पूर आला की मंडळ वर्गणी काढते, टेम्पो भरते आणि रातोरात निघते.

मन मोठे आहे खरे. पण टेम्पोत काय भरले आहे? तिथेच पुष्कळदा घोटाळा होतो.

पूर सगळीकडे सारखा नसतो. कोल्हापूर-सांगलीकडचा पूर निराळा, कोकणातला निराळा.

घाटमाथ्यावर पाऊस कोसळला की कृष्णा आणि पंचगंगा भरतात. धरणे भरली की त्यांचेही पाणी सोडावे लागते. खाली प्रदेश सपाट आणि नद्या वळणावळणाच्या. नरसोबाच्या वाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते. कृष्णाच तुडुंब असेल तर पंचगंगेने जायचे कुठे? तिचे पाणी मागे फुगते. म्हणून हा पूर हळू चढतो आणि हळूच उतरतो. कोल्हापूरला राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट ही धोक्याची पातळी आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले. पुणे-बंगळूर रस्ता शिरोलीजवळ कित्येक दिवस बंद होता. लाखो माणसांना घरे सोडावी लागली.

कोकणातल्या नद्या आखूड. सह्याद्रीवरून उतरल्या की लगेच समुद्र. त्यात भरतीची वेळ आली तर पाणी पुढे सरकत नाही, शहरात शिरते. २२ जुलै २०२१ ला चिपळूणला वाशिष्ठीचे आणि महाडला सावित्रीचे पाणी असेच शिरले. हे पाणी लवकर चढते, लवकर ओसरते. मागे राहतो तो चिखल. घरात चिखल, दुकानात चिखल, विहिरीत चिखल.

आता तुम्हीच सांगा, दोन्हीकडे एकच टेम्पो कसा चालेल?

घाटावर माणसे आठ-आठ दिवस शाळेत किंवा मंगल कार्यालयात राहतात. त्यांना शिधा, अंथरूण-पांघरूण आणि प्यायचे पाणी हवे. आणि जनावरांना वैरण. वैरणीचे कुणाच्या ध्यानात येत नाही. पण गोठ्यात म्हैस आहे म्हणून घर न सोडणारी माणसे पुष्कळ असतात. म्हशीची सोय झाली की माणूसही निघतो. कोकणात दुसऱ्या दिवसापासून फावडे, घमेले, खराटा, गमबूट आणि रबरी हातमोजे लागतात. पाणी उपसायचा पंप मिळाला तर सोन्याहून पिवळे.

पाण्यातून माणसे काढणे हे मात्र आपले काम नव्हे. २०१९ च्या ८ ऑगस्टला सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळ येथे गावची बोट उलटली. बोटीत जास्त माणसे बसली होती. अनेकजण बुडाले, त्यांत बाया आणि लेकरे होती. गावातून कोणी अडकल्याचा फोन आला तर जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाला कळवावे. त्याचा क्रमांक १०७७. मुंबईहून लावताना आधी त्या जिल्ह्याचा कोड लावावा लागतो. माणसे किती, म्हातारी किती, कोणत्या देवळाजवळ किंवा शाळेजवळ आहेत, हे नीट सांगावे.

छावणीत किती जागा लागते, याचा जगभर एक हिशेब धरतात. माणशी निदान साडेतीन चौरस मीटर. बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची. म्हणजे त्या हिशेबाने एका खोलीत चार माणसे. (गिरणीच्या काळात याहून कितीतरी जास्त राहात. पण त्यातली निम्मी पाळीवर असत!) पाणी माणशी रोज १५ लिटर तरी हवे. आणि संडास हवेत, बायांचे वेगळे, आतून कडी असलेले, रात्री दिवा असलेले. ते नसले की बाया पाणीच पीत नाहीत, मग आजारी पडतात. म्हणून एक बॅटरी आणि सॅनिटरी पॅडचा एक पुडा, हे दहा साड्यांहून जास्त कामाचे.

जुन्या कपड्यांचे काय? २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूत जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला पडून राहिले. फाटके, न धुतलेले, त्या लोकांच्या नेसण्यात नसलेले. ज्याचे घर गेले त्याची अब्रू गेलेली नसते. शिजवलेले अन्नही इथून नेऊ नये. वाटेत रात्र जाते आणि ते आंबते. भाकऱ्या शेजारची गावे थापतात.

म्हणून आधी फोन करावा. बोलणे असे होते :

“तात्या, साड्या धाडू का?”

“साड्या नकोत रे बाबा. खोलीभर पडल्यात. ब्लीचिंग पावडर आहे का बघ. आणि तुझ्या काकीच्या साखरेच्या गोळ्या वाहून गेल्या, त्या धाड.”

या दोन वाक्यांत यादी झाली. गोळ्यांचे नाव आणि ताकद मात्र विचारून घ्यावी.

पाणी ओसरल्यावर रोगराईची भीती. उंदरांचे आणि गुरांचे मूत पाण्यात मिसळते. पायाला जखम असली की त्यातून लेप्टोचा ताप शिरतो. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईत या तापाने बरीच माणसे दगावली. चिखलात राबलेल्या माणसाला ताप आला, पोटऱ्या दुखू लागल्या, डोळे लाल झाले, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. विहीर उपसून, औषध टाकून घेईपर्यंत पाणी चांगले खळखळ उकळून प्यावे. आणि वायरमनने पाहिल्याशिवाय घरातले बटण दाबू नये.

चिखल काढायच्या आधी भिंतीवरच्या पाण्याच्या खुणेचा फोटो काढून ठेवावा. मेलेल्या जनावराचाही काढावा. तलाठी पंचनाम्याला येतो तेव्हा ते उपयोगी पडते. पंचनामा झाल्याशिवाय सरकारी मदत मिळत नाही. रेशनकार्ड, आधार, पासबुक, सातबारा, यांच्या नकला मुंबईच्या नातेवाइकाकडे असल्या तर उत्तमच. हे काम पावसाळ्याआधी करायचे, आणि त्याला वर्गणी लागत नाही.

मंडळाने एक करावे. सगळी वर्गणी पहिल्याच टेम्पोत घालू नये. पहिल्या आठवड्यात गावाच्या वेशीवर गाड्यांची रांग लागते, फलक लागतात, फोटो निघतात. महिन्याने कोणी नसते. तेव्हा पोरांना वह्या-पुस्तके हवी असतात, शिंप्याचे मशीन दुरुस्त करायचे असते, कुणाला शेळी घ्यायची असते. निम्मे पैसे त्या महिन्यासाठी ठेवावेत.