बीपीची गोळी आणि गटाचा हप्ता, दोन्ही चुकवू नका



गेल्या कापूस वेचणीत आपल्या एका गटातल्या मावशींचा सकाळी उठल्यावर डावा हात उचलेना, तोंड वाकडं झालं. लकवा. त्यांना बीपी आहे हे दोन वर्षांपूर्वीच कळलं होतं. गोळी सुरू झाली, बरं वाटायला लागलं. मग वेचणीच्या गडबडीत गोळ्या संपल्या त्या परत आणल्याच नाहीत. "डोकं दुखत नव्हतं गं, मग कशाला खायची?" असं त्या मला नंतर म्हणाल्या. दवाखान्याच्या धावपळीसाठी गटातून कर्ज काढावं लागलं. मावशी आता काठी धरून चालतात, पण वेचणीचा रोज बुडाला तो बुडालाच.

खरी अडचण इथेच आहे. बीपी दुखत नाही. विहिरीच्या मोटारीचा दाब कायम जास्त राहिला तर पाइप आतून झिजतो आणि एक दिवस फुटतो. आपल्या रक्तवाहिन्यांचंही तसंच होतं. सोबत शुगर असेल, मिश्री-तंबाखू असेल, तर नुकसान लवकर होतं. त्रास व्हायला लागल्यावर जाऊ म्हटलं, तर पहिला त्रास लकवा किंवा हार्ट अटॅक असू शकतो.

कुठे जायचं?

बीपी मोजायला थेट घाटीत जायची गरज नाही. गाडीभाडं जातं, दिवस मोडतो. आपलं उपकेंद्र जवळ आहे. आता बऱ्याच उपकेंद्रांवर 'आयुष्मान आरोग्य मंदिर' अशी पाटी दिसते. तिथे समुदाय आरोग्य अधिकारी असतात. वय 30 च्या पुढे असेल तर बीपी आणि शुगर तपासून घ्या. आशाताई त्यासाठीच घरी येऊन फॉर्म भरतात. त्यांना खरी माहिती द्या, मिश्रीचं लपवू नका.

बीपी जास्त निघालं तर प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर गोळी ठरवतात. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत, केसपेपरचेही पैसे नाहीत.

मोजताना काय बघायचं?

आधी पाच मिनिटं शांत बसा. अर्धा तास आधी चहा आणि मिश्री नको. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात टेबलावर. मोजताना बोलू नका. आकडा 140/90 किंवा त्याच्या वर आला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजा. एकाच आकड्यावर घाबरू नका आणि दुर्लक्षही करू नका. आकडा आणि तारीख कार्डावर लिहून मागा.

गोळी कधी बंद करायची?

डॉक्टर सांगतील तेव्हाच. आकडा 140 च्या खाली आला म्हणजे बीपी गेलं असं नाही, गोळी काम करतेय असं समजा. कर्जाचे दोन हप्ते भरले म्हणून कर्ज फिटत नाही, तसंच हे. शेजारणीची गोळी खाऊ नका, आपली तिला देऊ नका. उपकेंद्रात गोळ्या नसतील तर कधी येणार ते विचारा, तोवर प्राथमिक आरोग्य केंद्रातून घ्या. मध्ये खंड नको.

ऊसतोडीला जाणाऱ्या तायांनी निघायच्या आधी कार्ड दाखवून जास्त दिवसांच्या गोळ्या मागाव्यात. कार्ड सोबत ठेवा, तिकडच्या सरकारी दवाखान्यात ते दाखवता येतं.

2017 मध्ये देशात बीपी नियंत्रणाचा उपक्रम सुरू झाला. महाराष्ट्रात सुरुवातीला भंडारा, वर्धा, सातारा आणि सिंधुदुर्ग हे जिल्हे होते. त्यात भर होता तो साध्या गोष्टींवर: ठरलेल्या मोजक्या गोळ्या, त्या जवळच्या केंद्रात मिळणं आणि कोण पेशंट परत आला नाही याची नोंद ठेवणं.

आपण गटात काय करायचं?

नोंद ठेवणं तर आपल्याला येतंच! महिन्याच्या मीटिंगमध्ये बचतीनंतर एकच प्रश्न विचारा: "कोणाच्या गोळ्या संपत आल्या?" ज्यांच्या संपल्या त्या दोघी-तिघी मिळून केंद्रात जा. कोणाचा आकडा किती हे मात्र तिच्या परवानगीशिवाय बाहेर सांगायचं नाही.

घरात मीठ कमी करा. माणशी दिवसाला सपाट एक चमचा मीठ पुरे, त्यात लोणचं, पापड, ठेचाही आला.

आणि हे पाठ करून ठेवा: तोंड वाकडं झालं, एका बाजूचा हात-पाय गळाला, बोलणं अडखळलं किंवा छातीत जोरात दुखून घाम फुटला, तर तेल चोळत बसू नका. लगेच 108 ला फोन करा.

पुढच्या मीटिंगला मी येईन तेव्हा कर्जाच्या आधी गोळ्यांचंच विचारणार आहे. कार्ड घेऊन या!